चिवीला अडवायचं की नाही

शाळेतली मुलं पाठीमागे त्यांना 'वळणबाई' म्हणायची, आणि हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. नाव दोन्ही बाजूंनी चपखल बसत होतं. लहान वर्गांकडून त्या अक्षराचं वळण घोटून घेत, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुढे काय शिकायचं त्या रस्त्याला वळवत. वाचनालयामागे त्यांची एक चिंचोळी खोली होती. दोन खुर्च्या, एक टेबल आणि सायकलींच्या स्टँडकडे उघडणारी खिडकी. मुलं तिथे छाती पुढे काढून शिरत आणि बहुधा विचार करत बाहेर पडत.

बाई कधी तोंडावर नाही म्हणत नसत. "तुला ते काम आवडतं, की त्या कामाचा गणवेश?" असं हळूच विचारत. विमान चालवायला निघालेल्या एका पोराला भूमितीचं पुस्तक उघडताच घाम फुटायचा. बाईंनी त्याला स्वयंपाकाच्या शिक्षणाकडे वळवलं, आणि आता त्याच्या हॉटेलात बसायला जागा मिळत नाही. असे कितीतरी जण पेढीवर, बाजारात, बसमध्ये भेटत, वाकून नमस्कार करत. ज्यांना वळवायला नको होतं, ते मात्र येऊन सांगत नसत. ही गोष्ट बाईंच्या मनात अधूनमधून टोचायची, पण कामाच्या रगाड्यात ती मागे पडायची.

मग चिवी आली.

चिवी म्हणजे कोपऱ्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची थोरली मुलगी. अंगाने काडीएवढी आणि बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून घरीदारी तिचं हेच नाव पडलं. खुर्चीत बसायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "बाई, मला नर्स व्हायचंय."

बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. कारण थोड्याच दिवसांपूर्वी प्रयोगशाळेत रक्तगट तपासायला मुलांच्या बोटांना सुया टोचल्या, तेव्हा चिवी स्वतःची पाळी यायच्या आधीच, शेजारणीच्या बोटावरचा थेंब बघून, सपशेल आडवी झाली होती. बाकाची कड लागून कपाळाला टेंगूळ आलेलं अजून दिसत होतं.

"नर्सच का गं?"

"आजी फार दिवस आजारी होती ना, तेव्हा एक सिस्टर यायच्या. औषधं, इंजेक्शनं सगळे देतात हो. पण या सिस्टर जाण्यापूर्वी आजीचे केस विंचरायच्या. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. आजी मग दिवसभर आरशात बघायची." चिवी एवढं बोलून गप्प झाली. ती आपणहून गप्प झालेली बाईंनी पहिल्यांदाच पाहिली.

शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापकांनी विषय निकालात काढला. "हिला नर्सिंगची शिफारस? अहो बाई, पोरगी दवाखान्यात पेशंटच्या अंगावर पडेल! शाळेने अडवायचं नाही तर कोणी? आईबापांना कळत नाही, मुलांना सुचत नाही. तुमची सही पडली नाही की संपलं."

त्यांचं काही खोटं नव्हतं. बाईंनी सही केली नाही, पण नकारही दिला नाही. ओळखीच्या एका रुग्णालयातल्या मोठ्या सिस्टरना विचारून त्या चिवीला सुट्टीच्या दिवशी वॉर्डात घेऊन गेल्या. पहिल्या दिवशी चिवीने म्हाताऱ्या माणसांना पाणी पाजलं, उशा सारख्या केल्या, एकीच्या हरवलेल्या चपलेसाठी सगळ्या खाटांखाली डोकावली. सगळा वॉर्ड तिच्याशी बोलायला लागला. दुसऱ्या वेळी एकाच्या पायाची पट्टी सुटत असताना ती समोर होती. बाईंनी तिला मागून धरलं म्हणून फरशी चुकली.

"जमेल का हिला?" बाईंनी मोठ्या सिस्टरना बाजूला घेऊन विचारलं.

सिस्टर हात धूत होत्या. "पहिल्या वर्षी पुष्कळ जणी पडतात. मीही पडले होते. काही उठून कामाला लागतात, काही घरी जातात. कोणती काय करील, हे मला आजवर आधी ओळखता आलेलं नाही."

बाई तशाच दादांकडे गेल्या. दादा म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर दगड मांडलेले असत. पांढरे, पट्ट्यापट्ट्यांचे, गारेसारखे चमकणारे. लहानपणापासून त्यांना दगडांचं वेड. भूगर्भशास्त्र शिकायचं म्हणून हट्ट धरला होता, पण दम्याने छाती भरायची. त्यांच्या हेडमास्तरांनी घरी येऊन समजावलं, पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "बाळा, त्यात डोंगर चढावे लागतात. तुला झेपायचं नाही." घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि दादा हिशेब शिकले. नोकरी मानाने केली, मुलांना शिकवलं. कसली तक्रार नाही.

बाईंनी चिवीची सगळी हकिगत सांगितली. दादा ऐकताना एक दगड कापडाने पुसत होते.

"पडेल की गं पोरगी," ते म्हणाले.

"तेच तर! मग अडवू का?"

दादांनी दगड जागेवर ठेवला, पुन्हा उचलला. "हेडमास्तर चांगले होते माझे. काळजीनेच बोलले. आणि बहुतेक बरोबरच बोलले असणार, मला जिना चढतानाही दम लागतो." ते हसले. "पण गंमत सांगू तुला? मला झेपलं नसतं, हे मला अजून ठाऊक नाही. त्यांना ठाऊक होतं. आईला, बाबांना, तुला, सगळ्यांना ठाऊक होतं. माझंच तेवढं राहून गेलं."

इतकी वर्षं याच खिडकीशी बसून दोघांनी चहा प्यायला होता आणि दादांच्या तोंडून असं अक्षर निघालं नव्हतं. त्यांनी दादांच्या हातातलं कापड घेतलं आणि पुढचा दगड पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिवीला समोर बसवलं आणि आडवळण न घेता बोलल्या. "चिवे, हे तुला जड जाणार आहे. माझ्या मते जमणार नाही. माझं मत चुकूही शकतं. एवढं ऐकून तुला जायचं असेल तर मी सही करते."

"जायचंय," चिवी म्हणाली. बाईंनी पेनाचं टोपण काढून सही केली.

नर्सिंगला गेल्यावर वर्षभर चिवी झगडली. डोळे मिटून, ओठ चावून, पोटात आधी बिस्किटं ढकलून, मैत्रिणीचा दंड धरून. पाठांतरात ती पुढे, पेशंट तिच्यावर खूश, आणि रक्त दिसलं की पुन्हा तेच. वर्ष संपता संपता एका अपघातात सापडलेल्या माणसाला आणलं, तेव्हा चिवी कोसळली आणि तिला सावरायला दुसऱ्या नर्सला पेशंट सोडून धावावं लागलं. त्या दिवशी तिने स्वतःहून कॉलेजात जाऊन सांगितलं की मी हे शिक्षण सोडते.

तिची आई शाळेत आली ती टेप गळ्यात तसाच घेऊन. मशीन सोडून तडक आली होती.

"तुम्हाला माहीत होतं ना?" ती दारातूनच म्हणाली. "टेंगूळ बघितलं होतं ना तुम्ही? मग अडवलं का नाही? माझ्या लेकीचं वर्ष गेलं. रोज उशीत डोकं खुपसून रडते. मी अडाणी, पण तुम्ही बाई!"

बाईंनी दादांची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. या आईला त्या गोष्टीचं काय करायचं होतं? त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. तुमचं रागावणं बरोबर आहे." आई बसली नाही, पण गेलीही नाही. बाई उठून तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

बाईंची झोप उडाली, जेवण कडू लागलं. मुख्याध्यापक 'मी म्हणालो होतो' असं म्हणाले नाहीत. येता-जाता नुसते घसा खाकरायचे.

चिवी आली ती काही आठवड्यांनी. चेहरा उतरलेला, पण जीभ जागेवर आलेली. "बाई, मला नाही जमत," खुर्चीत धपकन बसत ती म्हणाली. "खरंच नाही जमत. मी सगळं करून बघितलं. आता मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण कसं सांगू, दात काढल्यावर वाटतं ना, तसं."

बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि स्वतःचे डोळे पुसले. मग चिवीनेच सांगितलं की वॉर्डात एका आजोबांना कमी ऐकू यायचं, त्यांचं यंत्र बसवायला एक ताई यायच्या, ते काम तिने जवळून पाहिलंय. कान तपासायचे, यंत्र बसवायचं, माणसाशी बोलत बसायचं. रक्ताचा थेंब नाही. शाळेच्या या खोलीत बसून असलं काही काम असतं हे ना तिला सुचलं असतं, ना बाईंना.

आता चिवी एका दवाखान्यात तेच काम करते. म्हातारी माणसं तिच्याचकडे यायचा हट्ट धरतात, कारण ती यंत्र बसवल्यावर लगेच उठवत नाही. नातवंडांची नावं विचारते, ती नीट ऐकू येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणते.

परवा बाई कोट अंगाला बेताचा करून घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. चिवीच्या आईने माप घेता घेता, टाचण्या ओठांत धरूनच विषय काढला. "वर्ष गेलं ते गेलंच हं, बाई. मी ते विसरायची नाही."

"नका विसरू."

"आणि आता धाकटीला गायचंय. तिचा आवाज ऐकलाय ना तुम्ही?"

"प्रार्थनेला रोज ऐकते," बाई म्हणाल्या. दोघींनाही हसू आवरेना. आईने टाचण्या काढून हातात घेतल्या.

"तिला तरी अडवा."

"पाठवा माझ्याकडे. माझ्या कानाला कसं वाटतं ते खरंखरं सांगेन. पण अडवणार नाही."

"मग शाळा तुम्हाला पगार कशाचा देते?" असं म्हणून आईने खडूने बाईंच्या अंगावरच्या कोटावर रेघ ओढली आणि बाईंना वळायला सांगितलं.