पदर सरकवणारं पाणी

वसमतचा ग्यानबा फोटोवाला तसा तिरसट माणूस. काळ्या कापडात डोकं घालायच्या आधी गिऱ्हाइकाला दम भरायचा, "हलला तर मी जबाबदार न्हाई." भल्याभल्या पाटलांना त्यानं असं बसवलेलं. पण बायकांच्या पदरापुढं त्याचंही काही चालत नसे. शेजारी सासरा असला की सून हनुवटीपर्यंत पदर ओढायची, आणि ग्यानबा मुकाट्यानं पदराचाच फोटो काढायचा. रीतच ती, तिच्याशी कोण भांडणार?

अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या धास्तीनं गावंच्या गावं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. ग्यानबाही कॅमेरा पाठीला बांधून निघाला. निर्वासितांच्या छावणीत कोण कशाला फोटो काढतंय, असं त्याला वाटलं होतं. पण लोक यायचे. गिऱ्हाइकामागं टांगायच्या त्याच्या पडद्यावर रंगवलेला महाल मात्र कुणालाच नको असायचा. "मागं आमचा माळ काढा, बाभळी काढा," म्हणायचे. शेवटी ग्यानबानं महालावर चुना फासला आणि गेरूनं माळ काढला. बाभळी काही त्याला धड जमल्या नाहीत. तरी माणसं त्यांच्यापुढं बसून रडायची.

एक दिवस औंढ्याकडचा लिंबाजी मेंढपाळ आला. मेंढरं गावाकडंच राहिलेली, हातात नुसती काठी. ग्यानबानंच नरसीच्या जत्रेत काढलेला फोटो त्यानं फडक्यातून सोडला. मधोमध मिशा पिळून लिंबाजी, एका बाजूला थोरला लेक, दुसऱ्या बाजूला सून सुभद्रा, तोंडावर पदर. नदी ओलांडल्यावर पटकीनं लेक गेला, मागोमाग सुभद्रा गेली. त्यांची दोन वर्षांची मैना तेवढी उरली.

"भाऊ, तुमच्या औषधाच्या पाण्यात कागद बुडवला की तोंड उमटतं म्हणं," म्हातारा म्हणाला. "तसा ह्यो पदर जरा वर सरकवून द्या. लेकराला माय दिसू द्या."

एरवी ग्यानबा खो-खो हसला असता. आता त्यानं फोटो हातात घेऊन पदरावरून अंगठा फिरवला.

"बाबा, कॅमेऱ्यानं पाह्यलंच न्हाई ते पाणी कुठून आणंल? तुमीच सांगा ना पोरीला, माय कशी व्हती ते."

"म्या काय सांगू? सात वर्सं तिच्या हातची भाकर खाल्ली. तोंड मीबी न्हाई पाह्यलं."

ग्यानबानं फोटो फडक्यात गुंडाळून परत दिला. "मैनाचा तरी फोटो काढून देतो," एवढंच तो बोलला.

लिंबाजीची धाकटी सून चंद्रभागा आता मैनाला सांभाळायची. पोरीला मांडीवर घेऊन ती पडद्यापुढं बसली. समोर सासरा उभा, तिनं झटकन पदर ओढला.

"पदर वर घे, बाय," लिंबाजी म्हणाला.

ती हलेना. मग म्हाताऱ्यानं पाठ फिरवली. "घे, मी नदीकडं पाहून राहिलो."

चंद्रभागेनं हळूच पदर वर घेतला. ग्यानबानं फोटो काढला.

"तोंड बराबर आलं का, भाऊ?" लिंबाजीनं न वळताच विचारलं.

"आलं."

"मंग आता झाकू नको, बाय. मी आता वळतो. एका सुनंचं तोंड पाहायचं राहूनच गेलं."

लिंबाजी वळला तसा चंद्रभागेचा हात पदरापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.