गावांच्या पेट्या, कामांचे कप्पे

साठ सालानंतर मी अकोल्याच्या एका कचेरीत शेतांचे नकाशे काढायला लागलो. तिथे प्रत्येकाकडे ठरावीक गावं असत आणि प्रत्येक गावाची एक पत्र्याची पेटी. मोजमापं, आकडेमोड, नकाशा, सगळं त्या पेटीत आणि एकाच माणसाच्या हातून. चूक सापडली की तो त्याच कागदावर खोडून नवं लिही. आधी काय होतं, ते त्यालाच ठाऊक.

नवे साहेब आले. त्यांनी कामाची वाटणी गावांवरून काढून टप्प्यांवर आणली. एकाने मोजमापं तपासायची, दुसऱ्याने क्षेत्रफळ काढायचं, तिसऱ्याने नकाशा. हाती आलेल्या कागदावर रेघही ओढायची नाही. आपलं काम नव्या कागदावर करून पुढे द्यायचं. मांडणी माझ्यावर सोपवली.

मी पेट्या तशाच ठेवून प्रत्येकीत टप्प्यांची पाकिटं घातली. महिन्याभरात कळलं, काहीच बदललं नव्हतं. पेटी ज्याच्या टेबलाखाली, कागद त्याचेच. मग पेट्या रिकाम्या केल्या आणि भिंतीला टप्प्यांचे कप्पे ठोकले.

बाळापूरकडची गावं माझ्या शेजारच्या टेबलावरच्या एका वयस्क सहकाऱ्याची. त्यांना सगळे भाऊ म्हणत. आपल्या पेट्या द्याव्या लागल्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्याकडे आता सगळ्याच गावांची क्षेत्रफळं आली, पण त्यांनी काढलेली पुढच्या टेबलावर जुळेनात. इंग्रजी आठाच्या जागी तीन धरलेला असे. मी त्यांना व्हरांड्यात नेऊन विचारलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

“मले दोन वर्षांपासून बारीक दिसून नाही राहिलं,” ते म्हणाले. “माही गावं होती तवर निभलं. शेत न शेत पाठ हाये मले.”

नोकरी जाईल म्हणून त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं. माझ्या कप्प्यांनी त्यांना उघडं पाडलं, याचं मला फार वाईट वाटलं. त्यांना विचारूनच मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी रजा दिली. भाऊंची मुलगी अमरावतीला होती. तिथे मोतीबिंदू काढला. त्यांचं काम दुसऱ्याच दिवशी दुसऱ्याने उचललं, एकही गाव अडलं नाही.

दोन महिन्यांनी ते जाड भिंगांचा चष्मा लावून परतले. कप्प्यांतले कागद एकेक काढून पाहिले.

“म्हंजे आता कोनाचंच गाव नाही,” ते म्हणाले.

चुका कमी झाल्या हे खरं. पण एखाद्या नाल्याचं वळण असं कसं, हे विचारायला आम्ही भाऊंकडेच जात असू. ते निवृत्त झाल्यावर विचारणंच बंद झालं.