परवान्याआधीचे हॅम

चार मोठी माणसं एकत्र अभ्यासाला बसली की अभ्यास राहतो बाजूला आणि किस्से साठत जातात. आमचं तेच झालं. वही अजून अर्धी कोरी आहे, किस्से मात्र संपता संपत नाहीत.

हॅम रेडिओ म्हणजे घरातल्या वायरलेस सेटवरून जगाशी बोलायचा छंद. त्याला सरकारी परवाना लागतो आणि परवान्याला परीक्षा. जुळे सोलापुरात एका सरांच्या फ्लॅटवर दर रविवारी आमचा वर्ग भरायचा. सर तार ऑफिसातून निवृत्त झालेले, फुकट शिकवायचे. फुकटच्या विद्येची काय किंमत असते, ते आम्ही तिघांनी मन लावून दाखवून दिलं.

तिघे म्हणजे मी, रिटायर्ड हेडक्लार्क देशमुख आणि नवी पेठेतले कापडवाले बसवराजअण्णा. अण्णांचा धाकटा भाऊ शिवा बेंगळुरात इंजिनिअर. त्याच्याकडे वरच्या ग्रेडचा परवाना. सणाला घरी आला की चारचौघांत म्हणायचा, "अण्णा, तुम्ही कापड मोजा. हे तुमचं काम न्हाय." अण्णांना तोच, वरच्या ग्रेडचा परवाना हवा होता, आणि तो एवढ्यासाठीच. जगाशी बोलायची त्यांना काडीची हौस नव्हती.

*

देशमुखांनी अख्खा प्रश्नसंच पाठ केला होता, पण उत्तरं नव्हे, नुसती अक्षरं. सरांनी विचारलं, शॉक लागून माणूस तारेला चिकटला तर आधी काय कराल?

"एकशे बारावा प्रश्न. उत्तर क."

क म्हणजे काय ते सांगा, सर म्हणाले. देशमुखांनी शांतपणे पिशवीतून पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि पान शोधायला लागले.

"राहू द्या," सर म्हणाले. "गेला तो."

*

मीही काही कमी नव्हतो. सेटवर आपलं बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, मग समोरचा बोलतो. सवय व्हावी म्हणून मी घरातही सुरू केलं. चहा कर, ओव्हर. पेपर कुठंय, ओव्हर. बायकोनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ओव्हर म्हटल्यावर समोरच्याचं ऐकायचं असतं ना? वीस वर्षांचं साठलंय. बसा."

दुपारचं जेवण चारला झालं.

*

अण्णांनी शुक्रवार पेठेतल्या घराच्या गच्चीवर एरियलची तार आधीच ताणून घेतली. परवाना नाही, सेट नाही, पण तार तयार. वहिनींना वाटलं, इतक्या वर्षांनी नवऱ्यानं घरात एक काम केलं. त्यांनी तिच्यावर धुतलेल्या चार सोलापुरी चादरी वाळत घातल्या. ओल्या चादरी त्या, तार खांबासकट शेजाऱ्याच्या पत्र्यावर गेली.

रविवारी अण्णा सरांना सांगत होते, "वजनाची टेस्ट घेतली. खांब जरा कच्चा निघाला."

*

आणि मग परीक्षा. वरच्या ग्रेडला मोर्स लागतं. यंत्रातून पाच मिनिटं टक-टूक आवाज येतो, तो ऐकत अक्षरं लिहून काढायची. सर घसा फोडून सांगायचे, रोज वेगळा मजकूर ऐका. अण्णांनी मोबाईलवर एकच रेकॉर्डिंग धरलं आणि चार महिने गल्ल्यावर तेच लावलं. गिऱ्हाइकं कंटाळली, अण्णा नाही. शेवटी शेवटी तर आवाज बंद करूनही बिनचूक लिहायचे, आणि याचा त्यांना कोण अभिमान!

परीक्षा परगावी होती. भावाची फजिती बघायला शिवा बेंगळुराहून मुद्दाम आला आणि दाराबाहेर बसला. आत यंत्र सुरू झालं, मजकूर अर्थातच गल्ल्यावरच्यापेक्षा वेगळा. मी आणि देशमुख खालच्या ग्रेडचे, आमचा पेपर आधीच झालेला, तरी आम्ही मागं बसून होतो. अण्णांनी क्षणभर ऐकलं, हसले आणि लिहीत सुटले. दोन मिनिटांत पेन खाली ठेवून उठले. परीक्षक म्हणाले, अहो, अजून तीन मिनिटांचा मजकूर यायचाय.

"येऊ द्या की साहेब. मला पाठ हाय."

शिवा दारातच उभा होता. अण्णांना इतक्या लवकर बाहेर आलेलं बघून खूश झाला. म्हणाला, "जमलं न्हाय ना, अण्णा?"

अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मशीनला पाच मिनिटं लागत्यात, शिवा. मला दोन लागली."