दलालाने तपासलेली शेवंती

पडदा वर जावा तशी ती सकाळ उघडते. अमरावतीचा अंबानाला, काठावर माणिकबाई माळणीचा शेवंतीचा वाफा आणि चहूकडे नुसती कपाशी. विलायतेच्या मागणीने कापसाला सोन्याचा भाव आला आणि लोकांनी फुलबागा नांगरून टाकल्या. यंदा फुलं खपली नाहीत तर वाफ्यातही कपाशीच, असं दिराने माणिकबाईला बजावलं होतं.

आमच्या दंडारीच्या लोकनाट्याला हार फुकट देणारी ही बाई, हार न्यायला आलेल्या मला, त्या दिवशी खुशीत दिसली. कापसाचे दलाल शालिकराम यांचा मुलगा मुंबईहून बी.ए. होऊन येत होता, त्याच्यासाठी गुच्छ हवा म्हणून ते स्वतःच वाफ्यावर आले होते. फुलांचा पहिला तोडा अंबादेवीचा, ही तिची रीत. पण विद्याही देवीच, म्हणून तिने तीच टोपली पुढे ठेवली.

दलालांनी तंबाखूच्या बोटांनी फूल उचललं, नाकात खुपसून हुंगलं आणि कापूस पारखावा तशा चिमटीने पाकळ्या ओढल्या.

"धागा आखूड हाय," म्हणत ते चिखलात फेकलं आणि दुसरं उचललं. अशी दहा-बारा फुलं गेली. उष्टं फूल देवीला चालत नाही. ती पिवळी बोटं आठवली की मला आजही शिसारी येते.

"काहून थांबली? लांब पाकळीचं दाखव!"

वाफा जाणार, हे तिला कळत होतं. तरी तिने टोपली पदराखाली ओढली, बाजूला थुंकली आणि म्हणाली, "शेटजी, पोरगं पास झालं तवा त्याले बी असंच ओढून पायलं काय?"