माहूरच्या घाटातल्या आत्या

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहाला जाणारा माणूस आहे. असले अनुभव बायकोला फॉरवर्ड करून आम्ही दोघं पोट धरून हसतो. आज मीच लिहून राहिलोय म्हटल्यावर ती एकटीच हसेल... हसू द्या.

पाच वर्षांनी अमेरिकेतून लातूरला आलो होतो. आईचा हट्ट — आधी माहूरच्या देवीची ओटी, मग बाकी सगळं. ड्रायव्हर घेऊ असं ती म्हणत होती, पण "मी तिकडं रोज चालवतो," असं सांगून मी शहाणपणा केला. ओटीची साडी, खण, नारळ डिक्कीत टाकायला निघालो तर आई उखडली.

"देवीची ओटी सामानात ठेवतेत का रे? तू गाडी बघ, तिच्या जागेचं मी बघते."

दुपारी किनवटला मावशीकडं जेवलो. बेसन, भाकरी, ठेचा, वरून ताक. आपल्याकडं दुपार, पण माझ्या डोक्यात अजून अमेरिकेतली मध्यरात्र चालू होती. तिथून निघालो आणि घाट लागायच्या आत गाडीतले सगळे आडवे. शेजारी आई घोरत होती. मागं बायको, तिच्या मांडीवर लेक. मलाही झोप अशी येत होती की रस्ताच गादीसारखा दिसायला लागला.

"लई जोरात हाकून राहिलास बाबा."

मागून बाईचा आवाज. आरशात बघितलं तर बायकोच्या पलीकडं, खिडकीपाशी हिरवी साडी. मावशीकडून कुणीतरी चढलं असणार. माहूरला निघालेल्या गाडीत एक जागा रिकामी दिसली तर आमचे पाहुणे ती सोडत नाहीत. प्रश्न एवढाच, की ह्या कोण? आणि वडीलधाऱ्या बाईला "तुम्ही कोण" असं कसं विचारणार? परदेशात जाऊन माणसं विसरला, हे दिवाळीपर्यंत सगळ्या गणगोतात झालं असतं. मी आपलं ठोकून दिलं, "हाव आत्या."

मग जी उलटतपासणी सुरू झाली... पगार किती? घर स्वतःचं का भाड्याचं? एकच लेकरू का? भाकरी कोण करतंय? डोळा लागायला आला की पुढचा प्रश्न हजर. मनात म्हटलं, ही बाई कधी उतरणार.

"आईकडं दर वर्षी येत जा. येशील न्हवं?"

"हाव आत्या."

"शब्द दे."

"दिला, आत्या."

मग शांतता. बरं वाटलं. आणि एकदम जरबेनं — "थांब."

ब्रेक दाबला. डोळे उघडले, म्हणजे ते मिटले होते हे तेव्हा कळलं. वळण उजवीकडं गेलं होतं. गाडीचं पुढचं चाक डांबर सोडून खडीत, आणि त्याच्या पुढं, खूप खाली, तलाव.

आत्यांच्या पाया पडावं म्हणून उतरून मागचं दार उघडलं. सीटवर बेल्ट लावलेली ओटी होती. घडी घातलेली हिरवी साडी, वर नारळ.

"आत्या कुठं गेल्या?" मी ओरडलो.

"कोण आत्या?" आई डोळे चोळत म्हणाली. "मावशीकडून कुणीबी आलं न्हाई."

मी सगळं सांगितलं. तिनं हात जोडले, डोळ्याला पदर लावला. थोड्या वेळानं विचारलं, "मग पगार किती सांगितलास?"

पुढं घाटात गाडी बायकोनं चालवली. तिच्या मते हा सगळा जेट लॅग. असेलही. पण मी झोपेत होतो तर थांब म्हणालं कोण? आईवर संशय घ्यावा तर ब्रेक दाबला तेव्हाही ती घोरतच होती.

अमेरिकेला परत निघताना आई म्हणाली, "मला दिलेला शब्द तू दर वेळी विसरतोस. आता तिला दिलेला विसरून बघ."

उलगडा अजून झालेला नाही. पुढच्या वर्षीची तिकिटं मात्र काढली आहेत.