तिर्झाने भर प्रार्थनासभेत विचारलं

बेथाबारा कॉलेज बघायला येणाऱ्या पालकांना आवार दाखवायचं काम तिथेच शिकणाऱ्या तिर्झा उनरूकडे होतं. कॅन्ससच्या गव्हाच्या पट्ट्यातलं ते लहानसं ख्रिस्ती कॉलेज तिच्या रक्तात होतं. आजोबा तिथेच शिकलेले, आईवडिलांचं जमलं तेही तिथल्याच भोजनगृहात. ती बोलायला लागली की पालकांना वाटायचं, ही पोरगी आपलं घरच दाखवतेय.

तिसऱ्या वर्षी मात्र तिची जीभ अडखळायला लागली. आधी संगीत विभाग गुंडाळला. आयुष्यभर गायनवृंद शिकवलेल्या पेनर सरांना सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं. मग जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला कुलूप लागलं. मुलींच्या वसतिगृहाच्या खोल्या गरम ठेवणारा बॉयलर ऐन थंडीत बंद पडला तो पडलाच. पोरी कोट घालून झोपायच्या. आणि त्याच हिवाळ्यात प्रवेशद्वारावर अध्यक्ष डॉ. थीसन यांच्या नावाची दगडी कमान उभी राहिली! कुणी काही विचारलं की अध्यक्षांचं उत्तर ठरलेलं : "विश्वास ठेवा. देव मार्ग काढतोय."

फेब्रुवारीत ओक्लाहोमाहून एक मुलगी आईबरोबर आली. तिला जीवशास्त्रच शिकायचं होतं. प्रवेश विभागाच्या ब्रेंटने तिर्झाला बजावलं होतं, "दुरुस्ती चालू आहे म्हणायचं, बस." तिर्झाने त्या मायलेकींना सरळ प्रयोगशाळेच्या दाराशी नेलं.

"हे बंद आहे. शिकवणारेही गेले. परत उघडेल की नाही, मला माहीत नाही."

मायलेकी आल्या पावली परत गेल्या. ब्रेंट लालबुंद झाला. "कॉलेजची बदनामी केलीस तू!"

"मी फक्त कुलूप दाखवलं. लावलं कुणी?"

तिचं काम त्याच दिवशी गेलं.

बुधवारच्या प्रार्थनासभेत कुणीही उठून आपली साक्ष द्यावी, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सांगावा, अशी पद्धत होती. तिर्झा उठली आणि ध्वनिक्षेपकापाशी गेली.

"डॉक्टर थीसन, येत्या सप्टेंबरात हे कॉलेज उघडं असेल का?"

थीसन मायेने हसले. "आपण विश्वासाने चालतो, तिर्झा."

"विश्वासाचं नाही, मी कॉलेजचं विचारतेय. पेनर सरांना काढलंत, देवाचं नाव. वर्ग बंद केलेत, देवाचं नाव. कमानीवर मात्र तुमचं नाव!"

मागच्या बाकांवर हशा उसळला आणि लगेच विरला. कुणीतरी ध्वनिक्षेपक बंद केला. पण सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवायचा, हे पेनर सरांनीच तिला शिकवलं होतं. "उघडं असेल की नाही, एवढंच सांगा!"

"असेल," थीसन म्हणाले. "देवाच्या कृपेने असेल."

दुपारी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या मिसेस गर्टझनने तिला बोलावलं. "तुझ्या मनात कटुता आहे, बाळ. ती प्रभूपाशी ठेव. आणि त्याच व्यासपीठावरून माफी माग."

"खोलीत थंडी आहे, मॅडम. ती कुणापाशी ठेवू?"

माफी मागितली नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढलं. रोज गावाहून गाडी चालवत यायची पाळी आली. घरी आई, लोइस, पिठात हात घालून उभी असायची आणि तिच्याकडे बघायचीही नाही. "चर्चमधल्या बायका मला टाळतात, तुझ्यापायी. प्रार्थनेच्या वेळी तरी तोंड आवरायचं होतंस!"

"मी खोटं बोलले का, आई?"

आई पीठ मळत राहिली.

एप्रिलच्या शेवटी, परीक्षा तोंडावर असताना, सगळ्यांना सभागृहात बोलावलं. कॉलेज कायमचं बंद होत होतं. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. पहिल्या वर्षाची एक मुलगी तिर्झाला विचारत होती, "आता मी जाऊ कुठे?" आपली शंका खरी ठरली याचा तिर्झाला जराही आनंद झाला नाही.

पुस्तकं न्यायला मदत करायला लोइस आली होती. दाराशी थीसन एकेकाचा हात हातात घेऊन आशीर्वाद देत उभे होते. लोइसने हात पुढे केला नाही.

"माझ्या मुलीने विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"लोइसताई, परिस्थिती फार गुंतागुंतीची होती. घबराट पसरू नये म्हणून..."

"म्हणजे माहीत होतं."

थीसननी मान खाली घातली. लोइसने पुस्तकांचं खोकं उचललं. "चल गं," ती लेकीला म्हणाली.  घरी जाताना वाटेत गाडी थांबवून लोइसने लेकीची माफी मागितली.

विचिटा शहरातल्या कॉलेजने तिर्झाचे निम्मेच विषय मान्य केले. दिवसा बेकरीत काम करून, एकदा शिकलेलंच पुन्हा शिकताना तिची दोन वर्षं जास्त गेली. आता ती शाळेत जीवशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी पेनर सरांचा फोन आला : थीसन दुसऱ्या राज्यातल्या एका ख्रिस्ती कॉलेजचे अध्यक्ष झालेत, मोठा सत्कार झाला म्हणे. तिर्झा पाव कापत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"सर, क्षमा करायची असते, माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण त्या कॉलेजातल्या पोरांना आधी कुणीतरी सांगायला हवं. तिथला नंबर आहे तुमच्याकडे?"