वरची धार

टँकर भरून मीटर थांबला, की जाड पाइपाच्या तोंडाशी तेलाचा एक थेंब लोंबकळत राहतो. तो पाहिला की मला आईचं दुकान आठवतं. आई नवटाकाच्या, म्हणजे अर्ध्या पावशेराच्या मापाने गोडं तेल द्यायची आणि माप रितं झालं, की गिऱ्हाइकाच्या बाटलीत वर एक धार सोडायची. माझ्याही हाताला तीच सवय. गावापासून इतक्या लांब, या बंदरावर मात्र सगळं घनमीटरात, म्हणजे हजार-हजार लिटरांत. सातवीत शाळा सुटलेल्या मला साहेबांनी ठेवून घेतलं, म्हणून मी फार जपून असतो. आज पहिल्यांदाच एकट्याने टँकर भरला आणि हात आपसूक फिरला. वर एक धार! इथली धार चाळीस लिटरची निघाली.

"साहेब, गेली माझी नोकरी," मी म्हणालो.

साहेबांनी मीटर पाहिला. "शून्य दशांश शून्य चार घनमीटर. जा, चहा पी. आणि हात आवर."

एवढी मोठी चूक दोन शून्यांच्या आड लपली! त्या अवाढव्य मापाला मी मनोमन हात जोडले.

संध्याकाळी आईला फोन केला.

"चाळीस लिटर? नवटाकं किती झाली रे?"

"तीनशेच्या वर."

आई म्हणाली, "असू दे. गिऱ्हाईक परत येईल."